रागावलेला माणूस काढताय? मग या चुका टाळा

सगळ्यात कॉमन चूक म्हणजे सगळा राग भुवयांवर ढकलून द्यायचा. कपाळाला आठ्या, डोळे वटारलेले, दातओठ खाल्लेले आणि मानेच्या खाली मात्र माणूस रांगेत उभा असल्यासारखा निवांत. मी कितीतरी वर्षं हेच करायचे आणि चेहरा जमत नाहीये असं वाटून परत परत चेहराच खोडत बसायचे.

साधा चेक आहे, चित्रातल्या चेहऱ्यावर अंगठा ठेवा. उरलेलं अंग चिडलेलं दिसतंय का? नसेल तर गडबड खालीच आहे. तळपायाची आग मस्तकात गेली म्हणतो ना आपण, मग काढायचं पण त्याच क्रमाने, आधी पाय. ऑस्लोमध्ये शिल्पकार गुस्ताव विगेलँडचं चिडलेल्या पोराचं ब्राँझचं शिल्प आहे, एक पाय आपटायला उचललेला, दोन्ही मुठी वळलेल्या, चेहरा झाकला तरी थयथयाट कळतो.

मूठ वळलेली पण हात लुळा, हे तर मला रोज दिसतं. स्वतःची मूठ जोरात आवळून बघा, मनगटाच्या आत दोऱ्या ताणल्यासारख्या वर येतात, बोटांचे सांधे पांढरे पडतात आणि ताण पार कोपरापर्यंत चढतो. हे सोडलं तर मूठ नुसती दगडासारखी हाताला चिकटवलेली दिसते.

आणि राग म्हणजे तोंड उघडंच, असं कुणी सांगितलं? जपानमधल्या तोदाइजी या बौद्ध मंदिराच्या दारात १२०३ चे दोन प्रचंड लाकडी द्वारपाल आहेत, एकाचं तोंड उघडं, दुसऱ्याचं मिटलेलं, आणि मिटलेल्याला बघून मला जास्त धडकी भरते. रोममधला मायकेलअँजेलोचा मोझेस, म्हणजे बायबलमधल्या प्रेषिताचा पुतळा, तर चक्क बसलाय, बोटं दाढीत रुतलेली, पण डावा पाय मागे ओढून टाच उचललेली, आता उठतोय की काय! मनोविश्लेषक फ्रॉइडने १९१४ च्या लेखात उलटं म्हटलं, हा उठणार नाही, त्याने राग आवरलाय. एका टाचेवर एवढा वाद होऊ शकतो, म्हणून पाय घाईत उरकू नका प्लीज.

समोर भांडायला कुणी नाही, एकटीच फिगर आहे आणि हात कुठे ठेवू कळत नाहीये, तर इटलीतल्या पाडुआमधलं जोत्तो या चित्रकाराचं 'क्रोध' हे भित्तिचित्र बघा, ती बाई मान मागे टाकून स्वतःच्याच छातीवरचं कापड दोन्ही हातांनी फाडतेय.