गीझर बंद पडला? कॉईल बदलण्याआधी या चुका टाळा

नळाला गार पाणी आलं की निदान ठरलेलं असतं: कॉईल गेली. मिस्त्री येतो, कॉईल बदलून जातो आणि आठवड्याभरात पुन्हा तीच रड. साध्या स्टोरेज (टाकीच्या) गीझरमध्ये पाणी तापवणारी वस्तू एकच असते, ती म्हणजे कॉईल, पण तिची वीज तोडू शकणाऱ्या चार: एमसीबी (जास्त करंटला पडणारा स्विच), आरसीसीबी (करंट गळला की पडणारा स्विच), थर्मोस्टॅट (ठरलेल्या तापमानाला वीज तोडणारा) आणि थर्मल कटआउट (पाणी अति तापलं की वीज तोडणारा). अनेकदा गीझर बिघडलेला नसतो, या चौघांपैकी कुणीतरी तो मुद्दाम बंद केलेला असतो. तो कुणी बंद केला आणि का, हे कळल्याशिवाय कशालाही हात लावू नये.

दिवे न बघताच मिस्त्रीला फोन करणं

बहुतेक गीझरवर दोन दिवे असतात. एक वीज आल्याचा, दुसरा पाणी तापत असल्याचा. दोन्ही बंद असतील तर आधी बोर्ड, प्लग आणि एमसीबी बघा. पहिला लागतो, दुसरा लागत नाही आणि पाणी गारच आहे, तर संशय थर्मोस्टॅट किंवा कटआउटवर. दोन्ही लागतात, अर्धा तास झाला तरी पाणी गार, तेव्हा कुठे कॉईलकडे वळायचं.

अर्धा तास का? १५ लिटरचा, २००० वॅटचा गीझर २५ अंशांचं पाणी ६० अंशांपर्यंत न्यायला साधारण १८ ते २० मिनिटं घेतो. पाच मिनिटांत 'तापत नाही' म्हणणं घाईचं आहे.

कॉईल खरंच गेली का, हे मल्टिमीटर सांगतो. वीज पूर्ण तोडून, कॉईलच्या दोन्ही वायरी सोडवून रेझिस्टन्स मोजला की २००० वॅटच्या कॉईलला सुमारे २६ ओहम यायला हवेत. काहीच रीडिंग आलं नाही तर कॉईल तुटलेली आहे. मिस्त्रीला हे मोजून दाखवायला सांगा. दोन मिनिटांचं काम आहे. न मोजता नवी कॉईल बसवणाऱ्याला पैसे देण्याचं काही कारण नाही.

गरम प्लगकडे दुर्लक्ष

२००० वॅटचा गीझर जवळपास ९ अँपिअर ओढतो, ३००० वॅटचा १३. तरीही ६ अँपिअरच्या सॉकेटला किंवा कन्व्हर्जन प्लगवर गीझर लावलेली घरं सर्रास दिसतात. १६ अँपिअरचं सॉकेटही जुनं झालं की आतली पकड सैल होते. बाथरूमजवळची दमट, खारी हवा पिनांवर गंज चढवते, सांधा तापतो, मग प्लास्टिक तपकिरी होतं. गीझर पंधरा मिनिटं चालवून स्विच बंद करा आणि कोरड्या हाताने प्लगला स्पर्श करा. हात ठेववत नसेल तर दोष गीझरचा नाही, सॉकेटचा आहे. प्लग आणि सॉकेट दोन्ही बदला. जळक्या सॉकेटमध्ये नवा प्लग घातला तर तोही जळतो. २००० वॅटला २.५ चौरस मिलिमीटर तांब्याची वायर आणि ३००० वॅटला ४ चौरस मिलिमीटर असावी.

ट्रिप होतं म्हणून आरसीसीबीलाच वगळणं

ही चूक जीव घेते. एमसीबी जास्त करंटला किंवा शॉर्टला पडतो. आरसीसीबी पडतो तो करंट गळून अर्थमध्ये जात असल्यामुळे. घरच्या आरसीसीबीवर ३० मिलिअँपिअर लिहिलेलं असतं. बाथरूममध्ये ओल्या अंगाने उभ्या माणसाचं संरक्षण तेच आहे.

आधी गीझरचा प्लग काढा. तरीही पडत असेल तर गळती वायरिंगमध्ये किंवा दुसऱ्या उपकरणात आहे. गीझर लावताच पडत असेल तर कॉईल किंवा ओलं झालेलं टर्मिनल. चालू करून सात-आठ मिनिटांनी पडत असेल तर कॉईलच्या नळीला बहुधा बारीक चीर असते, जी तापल्यावर उघडते. असली कॉईल ओहममध्ये अगदी चांगली दिसते, म्हणून इथे मेगरने (गळती शोधणाऱ्या मीटरने) इन्सुलेशन तपासावं लागतं.

मुंबईत हा त्रास पावसाळ्यात हमखास येतो. एप्रिल-मेमध्ये गीझर बंद असतो, जूनमध्ये पाऊस लागला की पहिल्यांदा चालू होतो आणि लगेच आरसीसीबी पडतो. कॉईलच्या नळीत भरलेली पांढरी पूड हवेतली आर्द्रता शोषते, त्यामुळे गळती वाढते. वायरमनने कॉईल काढून, वाळवून पुन्हा मोजली की ती वाचूही शकते. आरसीसीबी वगळून 'गीझरनेच ओल सुकेल' हा उद्योग मात्र करू नका.

जुन्या इमारतींत आणि चाळींत आणखी एक धोका दिसतो. बोर्डाला अर्थिंगच नसतं, म्हणून कुणीतरी सॉकेटची अर्थ पिन न्यूट्रलला जोडून ठेवतो. पुढे कधी न्यूट्रल तुटला की गीझरचा पत्रा, नळ आणि पाणी, सगळ्यात करंट उतरतो. अर्थिंग नसेल तर ते आधी करून घ्या, गीझर नंतर.

कटआउटला वायरने जोडणं

थर्मोस्टॅटचे पॉइंट चिकटले की पाणी तापतच राहतं. मग कटआउट वीज तोडतो. झाकणाखाली त्याचं छोटं रीसेट बटण असतं. वीज काढून, पाणी निवल्यावर ते एकदा दाबायला हरकत नाही. पुन्हा उडालं तर थर्मोस्टॅट बदला, आणि तोही त्याच लांबीच्या दांडीचा. आखूड दांडीला वरच्या पाण्याचं तापमान कळत नाही. कटआउट शॉर्ट करून 'चालू करून दिलं' म्हणणाऱ्या माणसाला पुन्हा घरात घेऊ नका. पाणी उकळलं आणि सेफ्टी व्हॉल्व्हही खाराने बुजलेला असला, तर टाकी फुटते.

ठिबकणारा व्हॉल्व्ह बंद करणं

गार पाण्याच्या पाइपवर, गीझरच्या खालीच सेफ्टी व्हॉल्व्ह असतो. पाणी तापताना त्यातून थेंब पडतात. १५ लिटर पाणी २५ वरून ६० अंशांवर गेलं की सुमारे २०० मिलिलिटरने फुगतं, आणि ते वाढीव पाणी तिथूनच बाहेर पडतं. बादली भरते म्हणून त्याला बूच मारू नका, एक बारीक नळी लावून पाणी मोरीत सोडा.

गीझर बंद असतानाही धार लागत असेल तर मात्र प्रेशर जास्त आहे. गच्चीवरच्या टाकीपासून दर १० मीटर खाली साधारण १ बार प्रेशर वाढतं. २५ मजली टॉवरमध्ये खालच्या मजल्यांवर ते ७ बारच्या पुढे जाऊ शकतं. गीझरच्या पाटीवर ८ किंवा ६.५ बार लिहिलेलं असतं ते वाचा आणि सोसायटीच्या लाइनवरचा प्रेशर कमी करणारा व्हॉल्व्ह चालू आहे का, ते विचारा.

रिकामा गीझर चालू करणं

गच्चीवरच्या टाकीतलं पाणी संपलं म्हणून गीझर लगेच रिकामा होत नाही, कारण गरम पाणी वरच्या टोकाने बाहेर जातं. पण गार पाण्याच्या पाइपवरचा नॉनरिटर्न व्हॉल्व्ह (पाणी उलटं जाऊ न देणारा) खराब असेल तर पाणी उलटं उतरतं आणि कॉईल उघडी पडते. नव्याने बसवल्यावर, सर्व्हिसिंगनंतर किंवा सोसायटीने टाकी धुतल्यावर आधी गरम पाण्याचा नळ उघडा. हवा निघून सलग धार लागली की मगच स्विच दाबा.

दोष मिक्सर नळाचा, खर्च गीझरवर

दिवे व्यवस्थित, गीझर गरम, पण शॉवरला पाणी कोमटच? गीझर बंद करा, त्याचा इनलेट कॉक बंद करा आणि फक्त गरम पाण्याचा नळ उघडा. क्षणभर पाणी येऊन थांबायला हवं. धार चालूच राहिली तर गरम-गार पाणी एकत्र करणाऱ्या कुठल्या तरी मिक्सर नळातून गार पाणी गरम लाइनमध्ये शिरतंय. त्या मिक्सरच्या आतलं कार्ट्रिज बदला.

खारावर ॲसिड

मुंबईत तानसा, वैतरणा, भातसा धरणांचं पालिकेचं पाणी मऊ असतं. मिरा रोड, वसई-विरार, घोडबंदर पट्ट्यात जिथे टँकर किंवा बोअरवेल चालते, तिथे कॉईलवर पांढरा थर बसतो. गीझर तडतड आवाज करतो, पाणी तापायला वेळ लागतो. संडास धुण्याचं ॲसिड वापरू नका, ते धातू खातं. कॉईल काढून सायट्रिक ॲसिडच्या कोमट पाण्यात बुडवून ठेवा, हातोडीने ठोकू नका. त्याच वेळी मॅग्नेशियमची अ‍ॅनोड रॉड (टाकीऐवजी स्वतः झिजणारी दांडी) बघा. ती झिजून तार उरली असेल तर बदला, नाहीतर त्यानंतर टाकी गंजते. परत बसवताना गॅस्केट नवंच घ्या आणि नट समोरासमोरचे, आलटून पालटून आवळा.

गॅस गीझर असेल तर

पेटत नाही म्हटलं की आधी दोन मोठे सेल बदला, मग पाण्याच्या इनलेटची जाळी साफ करा. टाकी डोक्यावरच असलेल्या वरच्या मजल्यावर प्रेशर कमी पडतं, त्यामुळे आतला रबरी पडदा स्विच दाबतच नाही. बऱ्याच मॉडेलमध्ये २० मिनिटांनी ज्योत आपोआप विझते, तो बिघाड नव्हे. सिलिंडरवरचा गीझर पाइप गॅसला तसाच जोडू नका, दोन्हींचे जेट (गॅस सोडणारी बारीक तोंडं) वेगळे असतात.

गॅस गीझर बाथरूमच्या आत बसवूच नका. कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो, वास नसतो. ज्योत निळीऐवजी पिवळी दिसली, किंवा आंघोळ करताना डोकं दुखायला, गरगरायला लागलं, तर बाहेर या, गॅसचा कॉक बंद करा, खिडक्या उघडा आणि सर्व्हिसिंग झाल्याशिवाय तो गीझर पेटवू नका.