सीईटीचा निकाल लागल्यावर या चुका टाळा

लातूर-नांदेडच्या क्लाससाठी आईवडील पोटाला चिमटा घेऊन पैसे भरतात. पण इंजिनिअरिंगच्या प्रवेशाचा ऑप्शन फॉर्म, म्हणजे कॉलेजांच्या पसंतीची यादी, मात्र घाईघाईत, नेट कॅफेवाल्याच्या सल्ल्याने भरला जातो. चांगला स्कोअर असूनही मुलं मागे पडतात ती इथे.

सगळ्यात महागात पडणारी चूक पसंतीक्रमाची. "पुण्याचं कॉलेज लागणार नाही, मग ते खाली टाका आणि मिळेल ते वर घ्या," असं सांगणारे गावोगाव भेटतात. हे साफ चुकीचं आहे. जागावाटप गुणवत्ता यादीप्रमाणे होतं. तुमचा नंबर आला की तुमची यादी वरून खाली तपासली जाते आणि जी पहिली जागा तुम्हाला मिळू शकते ती दिली जाते. वरची पाच कॉलेजं हुकली म्हणून सहाव्यावरचा तुमचा हक्क तसूभरही कमी होत नाही. उलट पहिल्या फेरीत पहिल्याच पसंतीची जागा लागली तर ती घ्यावीच लागते. नाकारली तर पुढच्या कॅप (केंद्रीय प्रवेश प्रक्रिया) फेऱ्यांतून बाहेर. म्हणून नको असलेलं कॉलेज 'सेफ' म्हणून एक नंबरवर कधीही टाकू नका.

दुसरी चूक कटऑफ वाचण्यातली. कटऑफच्या यादीत प्रवर्गापुढे एच, ओ किंवा एस असं अक्षर असतं. एच म्हणजे गृह विद्यापीठ (ज्याच्या हद्दीत बारावी केली ते), ओ म्हणजे बाहेरचं विद्यापीठ, एस म्हणजे राज्यस्तर. परभणी, हिंगोली, लातूर, नांदेडच्या मुलांचं गृह विद्यापीठ नांदेडचं. छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड, धाराशिवच्या मुलांचं संभाजीनगरचं. परभणीचा मुलगा पुण्याच्या कॉलेजचा एच रकाना पाहून आशा धरतो किंवा खचतो, दोन्ही व्यर्थ. त्याने ओ आणि एस पाहायचा. मेडिकलमधली ७०:३० ची प्रादेशिक अट (७० टक्के जागा त्याच विभागातल्या मुलांना) २०२० मध्ये रद्द झाली, त्यामुळे 'आता सगळीकडे सारखंच' असा समज झालाय. इंजिनिअरिंगला तो लावू नका.

पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत, हेही घरात नीट समजावून सांगा. ९० पर्सेंटाइल म्हणजे शंभरातले साधारण दहा जण तुमच्या पुढे. २०० पैकी १८० गुण नव्हे. शिवाय पीसीएम (फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स) आणि पीसीबीचे (मॅथ्सऐवजी बायोलॉजी) पर्सेंटाइल वेगळे. पीसीबीचा आकडा घेऊन इंजिनिअरिंगचे कटऑफ पाहण्यात अर्थ नाही.

बारावी सोडून देऊ नका. खुल्या प्रवर्गाला ४५ टक्के, मागास प्रवर्गाला ४० टक्के लागतातच, पर्सेंटाइल कितीही असो.

टीएफडब्ल्यूएसची, म्हणजे शिकवणी शुल्क माफीच्या योजनेतली, जागा आपोआप मिळत नाही. कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर शिकवणी शुल्क माफ होतं, पण त्याचा चॉइस कोड (कॉलेज आणि शाखेचा क्रमांक) वेगळा असतो, शेवटी 'टी' असलेला. तो यादीत स्वतंत्र भरावा लागतो. कोरडवाहू शेतीवर चालणाऱ्या कितीतरी घरांना ही सवलत लागू होते, आणि केवळ कोड भरला नाही म्हणून ती हातची जाते, याचं फार वाईट वाटतं.

कागदपत्रं निकालाची वाट पाहत ठेवू नका. नॉन-क्रिमीलेअर प्रमाणपत्र त्या शैक्षणिक वर्षाच्या ३१ मार्चपर्यंत वैध हवं. गेल्या वर्षीचं संपलेलं चालत नाही. जात वैधता प्रमाणपत्राला वेळ लागतो, म्हणून अकरावीतच अर्ज करा. दाखल्यावरचं नाव आणि दहावीच्या गुणपत्रिकेवरचं नाव अक्षरन् अक्षर जुळतंय का, तेही आताच पाहून घ्या.