मुलाचं ऑनलाइन समुपदेशन: घरी काय तयारी करावी

माझा मुलगा नऊ वर्षांचा. शाळेचं नाव काढलं की त्याचं पोट दुखायचं. बालरोगतज्ज्ञांनी तपासून शरीराचं कारण नाही म्हटल्यावर आम्ही व्हिडिओ कॉलवर समुपदेशन सुरू केलं, कारण आमच्या तालुक्यात या कामाचं माणूस नाही.

आधी नोंदणी विचारा. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे, म्हणजे मानसिक त्रासावर उपचार करणाऱ्या मानसशास्त्रज्ञाकडे, भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक असतो. पहिली भेट फक्त आईबाबांची ठेवा. मुलासमोर त्याच्या तक्रारींचा पाढा वाचू नये.

खरी अडचण जागेची. आमच्या दोन खोल्यांत सासूबाईंची मालिका सातला लागते, म्हणून आम्ही पाचची वेळ घेतली. दार लोटायचं, इअरफोन लावायचे. मोबाइल हातात न देता पिठाच्या डब्याला टेकवून ठेवा. शेजारी कोरे कागद, खडू, मातीचा गोळा हवा, कारण या वयाची मुलं बोलण्यापेक्षा चित्रांतून, खेळातून जास्त सांगतात. मध्येच उठून फिरला तरी ओरडू नका.

संपल्यावर "काय बोललास?" हे अजिबात विचारू नका. मी विचारलं, आणि पुढच्या खेपेला तो संपूर्ण वेळ गप्प बसला. फार वाईट वाटलं मला. आता मी त्या वेळी थालीपीठ लावते. सांगावंसं वाटलं तर तोच तव्याजवळ येतो.

फी परवडत नसेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक मोफत आहे, चोवीस तास, मराठीतही. मूल स्वतःला इजा करण्याचं बोललं, तर पुढच्या कॉलची वाट न बघता त्याच दिवशी रुग्णालयात न्या.