रात्री लाइट गेली तरी फॉस्फोचा बँड टिकवा

यवतमाळकडच्या आमच्या तालुक्याच्या कॉलेजात मे महिन्यात रात्री लाइट गेली, की सकाळी फ्रीजरखाली पाण्याचं थारोळं. वेस्टर्न ब्लॉटसाठी (प्रोटीन वेगळी करून पट्टीवर अँटिबॉडीने ओळखायची चाचणी) ठेवलेलं कॅन्सरपेशींचं लायसेट, म्हणजे फोडलेल्या पेशींचा द्राव, वितळलं की त्यातली फॉस्फेटेज एन्झाइम्स प्रोटीनवरचे फॉस्फेट काढून टाकतात. मग एकेटी या प्रोटीनचा एकूण बँड (पट्टीवरची रेघ) ठसठशीत, पण त्याच्या सेरीन ४७३ या जागेवरचा फॉस्फेट ओळखणारी फॉस्फो-अँटिबॉडी लावली तर पट्टी कोरी. महागडी अँटिबॉडी वाया गेली म्हणून जीव हळहळतो, पण दोष बहुतेक वेळा तिचा नसतोच.

उपाय सोपा आहे: लायसेट तसंच साठवू नका, त्याच दिवशी उकळून ठेवा.

१. पेशी बर्फावर फोडा. बफरमध्ये सोडियम फ्लोराइड आणि सोडियम ऑर्थोव्हॅनाडेट ऐनवेळी घाला.
२. प्रोटीन मोजण्यापुरतं लायसेट आधी बाजूला काढा. ब्लॉटच्या नमुन्यात घालायचं, डिटर्जंट असलेलं लॅमली बफर पडल्यावर ब्रॅडफर्डचं (रंगावरून प्रोटीन मोजायचं) माप चुकतं, आणि ही चूक नंतर सुधारणं अवघड.
३. उरलेल्यात लॅमली बफर घालून ९५ अंशांवर ५ मिनिटं तापवा. एन्झाइम तिथेच निकामी होतं.
४. एका ब्लॉटपुरतं एकेका ट्यूबमध्ये भरून फ्रीजरात ठेवा.

फ्रीजरात बर्फ झालेल्या पाण्याच्या वाटीवर एक रुपयाचं नाणंही ठेवून द्या. सकाळी ते तळाशी दिसलं, तर रात्री सगळं वितळलं होतं हे कळतं.

एक जपा: ब्लॉकिंगला (अँटिबॉडीआधी पट्टीवरच्या मोकळ्या जागा झाकायला) दूध पावडर नको. दुधातलं केसीन स्वतःच फॉस्फोप्रोटीन आहे, त्यामुळे काही फॉस्फो-अँटिबॉडींनी अख्खी पट्टी काळवंडते. टीबीएसटीमध्ये (ट्वीन डिटर्जंट असलेलं मिठाचं बफर) ५ टक्के बीएसए (गायीच्या रक्तातलं अल्ब्युमिन प्रोटीन) वापरा.