पाड्यावर बीपी कसा तपासायचा आणि गोळी चालू कशी ठेवायची

सगळ्यात आधी डोक्यातून एक समज काढा, की बीपी म्हणजे शहरातल्या, बसून काम करणाऱ्या, पोट सुटलेल्या लोकांचा आजार. आदिवासी भागात नोकरी करणारे चांगले शिकलेले लोक पण म्हणतात की इथली माणसं डोंगर चढतात, अंगाने काटक आहेत, यांना कसला बीपी. आता डॉ. अभय बंग अध्यक्ष असलेल्या तज्ज्ञ समितीने २०१८ साली आदिवासी आरोग्यावरचा अहवाल केंद्र सरकारला दिला त्यात काय आहे, तर ४ आदिवासी प्रौढांमागे १ जणाला हाय बीपी. आणि 'सर्च' संस्थेने ग्रामीण गडचिरोलीतले मृत्यू अभ्यासले तेव्हा सगळ्यात मोठं कारण निघालं लकवा, साधारण ७ मृत्यूंमागे १. म्हणजे आजार आहेच, तपासलं जात नाही एवढंच, कारण बीपी बहुतेकदा काहीच त्रास देत नाही आणि ज्याला त्रास नाही तो मजुरी बुडवून दवाखान्यात कशाला जाईल.

हे लिहितोय ते आशाताई, शिक्षक, बचत गटातल्या बायका, किंवा गावातली कुणी पोरं ज्यांच्या हातात मशीन आलंय त्यांच्यासाठी.

मशीन दंडावर पट्टा बांधायचं घ्या, मनगटावरचं नको. डिजिटल चालतं, फक्त सेल उतरले की ते काहीही दाखवायला लागतं, म्हणून जास्तीचे सेल सोबत ठेवा आणि अधूनमधून पीएचसीतल्या (प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या) मशीनशी जुळवून बघा. खरी गोची पट्ट्याची आहे आणि त्याबद्दल कुणी बोलत नाही. नेहमीचा पट्टा साधारण २२ ते ३२ सेंमी घेराच्या दंडासाठी असतो. आपल्याकडे कित्येक बायकांचा, म्हाताऱ्यांचा दंड २२ च्या आत असतो, अशा बारीक दंडावर मोठा पट्टा बांधला की आकडा खऱ्यापेक्षा कमी येतो, म्हणजे ज्याला बीपी आहे त्याला आपण 'नॉर्मल आहे, जा' म्हणून घरी पाठवतो! शिवणकामाची टेप जवळ ठेवा, दंड मोजा, बारीक असेल तर छोटा पट्टा वापरा, नसेल तर उपकेंद्रातल्या सीएचओकडे (समुदाय आरोग्य अधिकाऱ्याकडे) मागा, मागितल्याशिवाय येत नाही.

तपासायच्या आधी अर्धा तास चहा नको, विडी नको, खर्रा (तंबाखू-सुपारीचं मिश्रण) नको. लघवी करून येऊ द्या. माणूस डोंगर उतरून आलेला असतो, त्याला आल्या आल्या पट्टा बांधू नका, ५ मिनिटं शांत बसवा, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर सरळ, मांडी घालून नाही, आणि हात छातीच्या उंचीवर कशावर तरी टेकवलेला. बाही वर सारून उघड्या दंडावर पट्टा. मोजताना बोलायचं नाही, हे पाळायला सगळ्यात अवघड, कारण तेवढ्यात सगळ्या पाड्याची चौकशी सुरू होते. दोनदा मोजा, मध्ये मिनिट-दोन मिनिटं जाऊ द्या, दोन्ही आकडे वहीत लिहा.

जागा म्हणाल तर आठवडी बाजारासारखी दुसरी नाही. घरोघर गेलं तर पुरुष भेटत नाहीत, बाजारात सगळे येतात. फक्त सकाळी बसा, दुपारनंतर दारू झालेली असते आणि मग आकड्याला अर्थ राहत नाही.

आकडा १४०/९० च्या खाली असेल तर ठीक, वर्षाने परत बघा. १४० किंवा जास्त, नाहीतर खालचा ९० किंवा जास्त आला तर लगेच 'तुला बीपी आहे' म्हणून घाबरवू नका, दुसऱ्या दिवशी परत मोजा, तेव्हाही तेवढाच आला तर उपकेंद्रात नाहीतर पीएचसीत नाव नोंदवून घ्या. १६०/१०० च्या वर असेल तर वाट बघत बसू नका, एक-दोन दिवसात डॉक्टरला दाखवा. १८०/११० किंवा वर असेल तर त्याच दिवशी. ३० वर्षांवरच्या सगळ्यांची तपासणी आणि गोळ्या सरकारी दवाखान्यात फुकट आहेत.

गोळी सुरू करणं सोपं, चालू ठेवणं खरं काम. लोक गोळी का सोडतात ते आधी समजून घ्या. एक म्हणजे बरं वाटतंय, मग कशाला घ्यायची. त्यांना आकडा दाखवा, मागच्या महिन्यात १७० होता, आता १३०, हा गोळीमुळे आहे, सोडली की परत चढेल. दुसरं, ॲम्लोडिपिन घेणाऱ्या काहींचे घोट्याजवळ पाय सुजतात, गावात एकाचे सुजले की पाच जण गोळी फेकून देतात. ते आधीच सांगून ठेवा, सूज आली तर डॉक्टर गोळी बदलून देतात, आपण मनाने बंद करायची नाही.

तिसरं कारण अंतर. नंदुरबारकडचे ऊसतोडीला गुजरातेत जातात, पालघरचे वीटभट्टीवर, चार-सहा महिने गाव रिकामं. जायच्या आधी यादी काढून प्रत्येकाला जास्तीत जास्त दिवसांच्या गोळ्या मिळवून द्या, बीपीच्या कार्डाचा फोटो त्यांच्या मोबाईलमध्ये काढून ठेवा म्हणजे जिथे असतील तिथल्या सरकारी दवाखान्यात दाखवता येईल. पावसाळ्याचंही तेच. पर्लकोटेला पूर आला की भामरागड तुटतं, तेव्हा गोळी संपली तर कुठून आणणार, म्हणून जूनच्या आधीच साठा करा.

भगत, भूमका, पुजारी, जिथे जे असतील त्यांच्याशी भांडू नका. लोक आधी त्यांच्याकडेच जातात. त्यांचा स्वतःचा बीपी तपासा, बऱ्याचदा त्यांचाच वाढलेला निघतो, आणि मग तेच सांगतात की पूजा करू पण गोळी पण घे. झाडपाला घेत असतील तर काय घेताय ते डॉक्टरला सांगा म्हणावं, एवढंच.

आता खाण्याचं. नाचणी, कोदो, रानभाज्या, कडधान्यं हे चांगलंच आहे, त्यावर प्रवचन नको. मीठ बघा. माणशी दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी पाहिजे, म्हणजे चहाचा सपाट चमचा. हिशोब सोपा आहे, ५ माणसांच्या घरात १ किलोची पुडी ४० दिवस तरी पुरली पाहिजे, पंधरा-वीस दिवसात संपत असेल तर जास्त होतंय. सुकी मासळी खारवलेली असेल तर धुऊन घ्या आणि कालवणात वेगळं मीठ कमी टाका. सैंधव खाल्लं तर चालतं हे खोटं, तेही मीठच. पोरांच्या हातातली पाकिटं पण मिठानेच भरलेली. खर्रा मात्र सगळ्यात चिवट, तो तोंडात असेपर्यंत बीपी आणि ठोके दोन्ही चढतात, तोंडाच्या कॅन्सरचं तर वेगळंच. एकदम सुटत नसेल तर निदान घरात आणायचा नाही, पोरांना आणायला पाठवायचं नाही, इथून सुरुवात करा. मोहाच्या दारूचं, सणाला घोटभर आणि रोज संध्याकाळी यात फरक आहे, रोजची असेल तर गोळीचा परिणाम पुरता दिसत नाही.

दोन ठिकाणी जास्त सांभाळा. सिकलसेल (रक्ताचा आनुवंशिक आजार) असेल तर त्याचं कार्ड डॉक्टरला आधी दाखवा, कारण बीपीच्या काही गोळ्यांनी लघवी जास्त होते, अंगातलं पाणी कमी पडलं की सिकलचं दुखणं उठू शकतं. आणि गरोदर बाई, तिला १४०/९० आला तर तो साधा बीपी समजू नका, डोकं दुखतंय, डोळ्यापुढे अंधारी येतेय, तोंड सुजलंय असं काही असेल तर लगेच दवाखाना. टेल्मिसार्टनसारख्या गोळ्या गरोदरपणात चालत नाहीत, म्हणून आधीपासून गोळी चालू असलेल्या बाईला दिवस राहिले तर पहिल्याच आठवड्यात डॉक्टरला कळवा.

छातीत दाबल्यासारखं दुखणं, घाम, दम लागणं, किंवा तोंड वाकडं होणं, एक हात-पाय लुळा पडणं, बोबडं बोलणं, असं काही दिसलं की १०८. रेंज कुठल्या टेकडीवर येते आणि गावात चालू गाडी कुणाची हे आत्ताच लिहून ठेवा, त्या वेळी शोधत बसायला वेळ नसतो. छातीत दुखत असेल तर फोनवर डॉक्टर सांगतील त्याप्रमाणे ॲस्पिरिन चावून खायला देतात, पण लकव्यात ॲस्पिरिन अजिबात नाही, कारण मेंदूत रक्त गोठलंय का नस फुटलीय हे सीटी स्कॅनशिवाय कळत नाही, पाणी पण पाजू नका, ठसका लागून फुप्फुसात जातं. लकवा कधी सुरू झाला ती वेळ लिहा, गाठ विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच देता येतं. आणि ज्या घरात लकवा झालाय त्या घरातल्या ३० वर्षांवरच्या सगळ्यांचा बीपी त्याच आठवड्यात मोजून घ्या.