फोन इथे, कॉल तिकडे: रोमिंगमधल्या एलआयच्या कामात नव्याने येणाऱ्यांसाठी

कोअर नेटवर्कमधून लॉफुल इंटरसेप्शनच्या (एलआय, म्हणजे वॉरंटनुसार एखाद्याचं संभाषण टिपण्याच्या) टीममध्ये आलात की सुरुवातीचे दिवस हँडओव्हर इंटरफेस, म्हणजे टिपलेलं तपास यंत्रणेकडे पोचवायचे मार्ग, समजून घेण्यात जातात. एचआय१ वर वॉरंटचा कारभार, एचआय२ वर कोण कोणाशी कधी बोललं ती माहिती, एचआय३ वर प्रत्यक्ष संभाषण. हे आठवड्याभरात अंगवळणी पडतं. डोकं चालवावं लागतं ते टार्गेट परदेशी सिमवाला निघाला की.

टूजी-थ्रीजीत व्हॉइसपुरता हा प्रश्न फारसा नव्हता. रोमरने केलेला कॉल व्हिजिटेड नेटवर्कच्या (तो फिरतोय तिथल्या ऑपरेटरच्या) एमएससी या स्विचमधूनच जायचा. जिथे फोन तिथलाच स्विच आणि तिथलाच कायदा. डेटा मात्र तेव्हाही बहुतेक वेळा टनेलमधून होम ऑपरेटरकडेच, म्हणजे सिम देणाऱ्या कंपनीकडेच, जायचा. व्होल्टीमध्ये (फोरजीवरच्या कॉलमध्ये) एस८ या दोन ऑपरेटरांमधल्या दुव्यावरून होम राउटिंग आलं आणि व्हॉइसही त्याच वाटेला लागला. कॉल जोडणारी यंत्रणा, म्हणजे आयएमएस, सगळी होमकडे, तिचं प्रवेशद्वार पी-सीएससीएफसुद्धा. व्हिजिटेड ऑपरेटरला दिसतात ते फक्त बेअरर, म्हणजे डेटा वाहून नेणारे मार्ग: सिग्नलिंगचा क्यूसीआय (सेवेच्या दर्जाचा क्रमांक) ५, आवाजाचा क्यूसीआय १. कॉल चालू आहे एवढं कळतं, पण कोणाशी ते कळत नाही.

इथे प्रत्येक नवा माणूस विचारतो, मग होम ऑपरेटरलाच का विचारू नये? कारण विचारलंत की अमुक माणसावर लक्ष आहे हे परदेशातल्या कंपनीला कळलं. होमला सुगावा लागू न देणं ही इथली मूळ अट आहे, आणि पुढची सगळी तांत्रिक कसरत तिच्यापायीच.

मोबाइलची मानकं ठरवणाऱ्या थ्रीजीपीपीने रिलीज १४ मध्ये यावर तोडगा काढला. व्हिजिटेड नेटवर्कमधल्या एस-गेटवेजवळचं बीबीआयएफएफ हे फंक्शन बेअररमधला मजकूर उचलतं आणि एलएमआयएसएफ हे दुसरं फंक्शन त्यातले सिप (कॉल जुळवणारे) संदेश वाचून कॉलची स्थिती स्वतःपाशी उभी करतं. सगळं खरं, पण होमने एन्क्रिप्शन बंद ठेवलं असेल तरच. म्हणून नव्या माणसाला मी आधी लॅबमध्ये टेस्ट सिमचा ट्रेस (टिपलेल्या संदेशांची नोंद) उघडायला बसवतो. पहिला रजिस्टर (फोनची नोंदणीची विनंती) उघडा दिसतो, त्याला ४०१ (आधी ओळख पटव) असं उत्तर येतं, त्यातली सिक्युरिटी-सर्व्हरची ओळ बघायची. एन्क्रिप्शन अल्गोरिदमपुढे ‘नल’ असेल तर पुढचे संदेश ईएसपी या सुरक्षा-आवरणात गुंडाळलेले असले तरी वाचता येतात. वायरशार्क या ट्रेस वाचायच्या प्रोग्रॅममध्ये नल-एन्क्रिप्टेड ईएसपी उलगडायचा पर्याय तेवढा चालू करावा लागतो. त्या ओळीत एईएस, म्हणजे खरं एन्क्रिप्शन, दिसलं तर विषय संपला. मग तुमचं उत्तर कोणत्याही बॉक्समध्ये नाही, रोमिंग करारात आहे. त्यामुळे करार करणाऱ्या टीमशी ओळख ठेवा. कोणत्या पार्टनरबरोबर काय ठरलंय ते त्यांनाच ठाऊक असतं.

युरोपोलने २०२४ मध्ये होम राउटिंगवर भूमिका मांडली ती याच अडचणीवर. युरोपियन इन्व्हेस्टिगेशन ऑर्डर काढून दुसऱ्या देशाकडून मदत मागता येते, पण त्याला १२० दिवसही लागू शकतात. चालू तपासात एवढा वेळ कोणाकडे असतो?

उलट बाजूही विसरू नका. आपला ग्राहक परदेशात असताना त्याचा कॉल आपल्याच आयएमएसमधून जातो, म्हणजे तांत्रिकदृष्ट्या काहीच अडत नाही. पण माणूस दुसऱ्याच्या हद्दीत असतो. युरोपीय संघाच्या २०१४ च्या निर्देशानुसार अशा वेळी त्या देशाला कळवावं लागतं, आणि हरकत घ्यायला त्याला ९६ तास मिळतात. हे वकिलांवर सोडून मोकळं होता येत नाही, कारण फोन कोणत्या देशात आहे हे सांगणारे तुम्हीच.

फाइव्हजीत एस८च्या जागी आलेल्या एन९ वर हीच गोष्ट पुन्हा. एक मात्र छान केलंय: एसयूपीआय (ग्राहकाचा कायमचा ओळख क्रमांक) हवेतून लपवलेला असला तरी ऑथेंटिकेशननंतर होमला तो व्हिजिटेडला द्यावाच लागतो, आणि केएएमएफ ही की बनवताना तो वापरला जातो. खोटा दिला तर फोनची आणि नेटवर्कची की जुळतच नाही.

वाचायला थ्रीजीपीपीच्या ३३.१२६ या मानकापासून सुरुवात करा, मग ३३.१२७. ३३.१२८ सलग वाचायच्या भानगडीत पडू नका, अडेल तेव्हा उघडा.