धातूच्या ताण-चाचणीतील अकूस्टिक एमिशन : या चुका टाळा

ताण पडलेल्या धातूतून सूक्ष्म ध्वनिलहरी निघतात, त्याला अकूस्टिक एमिशन म्हणतात; त्या लहरी सेन्सरने टिपतात. भोसरीच्या वर्कशॉपमधून कापून आणलेला माइल्ड स्टीलचा नमुना यूटीएमवर (ताण देणाऱ्या चाचणीयंत्रावर) चढवला आणि भार वाढू लागताच पडद्यावर हिट्सची (सेन्सरने टिपलेल्या एकेका संकेताची) गर्दी झाली, तर प्लॅस्टिक विरूपण, म्हणजे धातूच्या आकारात कायमचा बदल, सुरू झाले असे लगेच समजू नये. असा बदल जिथे सुरू होतो त्या यील्ड बिंदूच्या बऱ्याच आधी येणारे हे संकेत बहुधा यंत्राच्या पकडीच्या जबड्यांचे दात नमुन्याच्या टोकांत रुतल्यामुळे येतात. म्हणून एकाच सेन्सरवर भागवणे ही पहिली आणि सर्वांत महागात पडणारी चूक आहे. गेज लांबीच्या, म्हणजे नमुन्याच्या मोजमापाच्या मधल्या भागाच्या, दोन्ही टोकांना 100 मिलिमीटर अंतरावर दोन सेन्सर लावले, तर पातळ पट्टीत सेकंदाला सुमारे 5,000 मीटर वेगाने जाणारी लहर त्यांच्यामधले अंतर 20 मायक्रोसेकंदांत कापते. ज्या संकेताच्या आगमनकाळांत जवळपास एवढाच फरक दिसतो, तो बाहेरून, म्हणजे जबड्याकडून आलेला असतो. तो निःशंकपणे वगळावा.

दुसरी चूक सेटिंग तपासण्याच्या नादात होते. खऱ्या चाचणीचाच नमुना यील्डपलीकडे ओढून पाहिला, तर पुढच्या खेपेला आधीचा कमाल ताण ओलांडेपर्यंत धातू जवळजवळ गप्प राहतो. योझेफ कायझर यांनी 1950 मध्ये म्युनिकमधील प्रबंधात हाच परिणाम मांडला होता. अशा वेळी सेन्सर बिघडला म्हणून तो बदलत बसण्यात अर्थ नाही. चाचपणीसाठी वेगळा नमुना ठेवावा.

सेन्सरची तपासणी पेन्सिलीचे शिसे नमुन्यावर टेकवून मोडून करावी. अप्पा बळवंत चौकात 0.5 मिलिमीटरचे शिसे सहज मिळते, पण दुकानदार बहुधा एचबी काढून देतो; आपल्याला त्याहून कठीण 2एच हवे, हे स्पष्ट सांगावे. प्रतिसाद कमी आला, तर सेन्सरखालचे, लहर त्याच्यापर्यंत पोहोचवणारे ग्रीस पुसून पातळ, सलग थर पुन्हा द्यावा.

गोंगाट नको म्हणून थ्रेशोल्ड (ज्याखालचे संकेत हिट म्हणून मोजले जात नाहीत ती पातळी) वाढवत नेणे मात्र घातक आहे. यील्डच्या आसपास असंख्य डिसलोकेशन (धातूच्या स्फटिकरचनेतील रेषीय दोष) एकाच वेळी सरकतात आणि त्यांतून कमी उंचीचा, अखंड संकेत निघतो. तो थ्रेशोल्डखाली राहिला, तर ज्यासाठी चाचणी केली तेच हातचे जाते. हिट्सच्या मोजणीबरोबर आरएमएस व्होल्टेजही (संकेताची सरासरी ताकद) नोंदवावे आणि विकृतीचा दर, म्हणजे नमुना किती वेगाने ताणला जातो, तो लिहून ठेवावा, कारण दर बदलला की हे व्होल्टेजही बदलते आणि दोन नमुन्यांची तुलना करता येत नाही.